लग्न होईपर्यंत

वॉर्डात पाऊल टाकलं तर काउंटरवर पेढ्यांचा खोका उघडा पडलेला. आयत सिस्टरने एक पेढा माझ्यासाठी कागदावर काढूनही ठेवला होता. आमच्या मजल्यावर बाळंतपणं होत नाहीत की दहावीचे निकाल लागत नाहीत. मन आजारी असलेली माणसं इथे येतात आणि बरी झाली की मागच्या जिन्याने, तोंड लपवून जातात. पेढे देऊन कुणी जात नाही.

"नऊ नंबरच्या आबांच्या घरचे आहेत," आयत म्हणाली. "आबांनी शपथ घेतली ना सकाळी. आज डिस्चार्ज आहे. रवी सरांनी सांगितलंय."

"कसली शपथ?"

"परत तसं काही करणार नाही म्हणून."

पेढा होता तिथेच राहिला. मला गोड आवडतं, पण काही पेढे घशाखाली उतरत नाहीत.

नऊ नंबरचे आबा म्हणजे खंडेराव. मखमलाबादकडे त्यांचा गुलाबाचा आणि शेवंतीचा मळा. वय सत्तरीला टेकलेलं, बायको मागेच गेलेली, दोन मुलगे, सुना, नातवंडं, घर भरलेलं. काही दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. कसा, ते मी सांगणार नाही. ते ऐकून कुणाचं भलं होत नाही, आणि लोकांना नेमकं तेवढंच ऐकायचं असतं. सुनेचं वेळेवर लक्ष गेलं म्हणून वाचले. खालच्या मजल्यावर जीव वाचवून झाल्यावर त्यांना माझ्याकडे वर पाठवलं. मी जवळ जाऊन बसत होते, ते भिंतीकडे बघत होते. एकदाच बोलले, "वास येत नाय." कशाचा, म्हणून विचारलं तर पुन्हा भिंत.

औषधं सुरू केली होती. ही औषधं अंगी लागायला आठवडे जातात, आणि त्याच आठवड्यांत माणसाला डोळ्यात तेल घालून जपावं लागतं. हे रवीलाही ठाऊक आहे. रवी म्हणजे आमच्या हॉस्पिटलचा मालक, वडिलांनी उभं केलेलं आयतं मिळालेला. परीक्षेत त्याने हेच लिहून मार्क घेतले असतील.

नऊ नंबरच्या खोलीत हळदीचा वास कोंदला होता. चादरीवर पिवळे डाग, उशीपाशी बेलाची पानं, स्टुलावर पितळी ताट. खंडेराव पाठ करून पडले होते. थोरला मुलगा मल्हारी त्यांचे कपडे पिशवीत भरत होता आणि धाकटा, महेश, फोनवर कुणाला तरी सांगत होता की आबा एकदम ठणठणीत.

मल्हारीने मला हात जोडले. "मॅडम, तुमचे लय उपकार. आता काय टेन्शन नाय. आबांनी बेलभंडारा उचलला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हळद आणि बेलाचं पान हातात घेऊन खंडोबाच्या नावाने बोललेला शब्द या लोकांत मोडत नाहीत. बांधावरून भांडण असो की भावकीतली चोरी, "उचल भंडारा" म्हटलं की भले भले गप्प होतात. आणि हे खंडेराव तर असे, की आजूबाजूच्या वस्त्यांवर कुणाला भंडारा उचलायला लावायचा असेल तर ताट धरायला त्यांना बोलवायचे. त्यांच्यासमोर खोटं बोललेला माणूस वर्षाच्या आत वाळतो असं मखमलाबादेत म्हणतात.

माझा खंडोबावर राग नाही. माझ्याही देवघरात त्याचा टाक आहे. आणि शपथा काही फक्त मळ्यातल्याच लोकांना लागतात असं नाही. आमच्या शिकल्यासवरल्या धंद्यातही एके काळी कागद निघाले होते. "मी माझ्या जिवाचं बरंवाईट करणार नाही" असं छापायचं आणि रुग्णाची सही घ्यायची. त्या कागदाने रुग्ण वाचल्याचं मी पाहिलं नाही. डॉक्टरला झोप लागायची एवढंच. उलट सही केलेला माणूस मनात तसं आलं तरी बोलायचा नाही, कारण बोलला तर शब्द मोडला असं होईल. त्याचं तोंड शिवून आपण निर्धास्त व्हायचं, असा तो सगळा प्रकार होता.

"नेमकं काय म्हणाले आबा?" मी विचारलं.

"दाखवतो की," महेश म्हणाला.

त्याने व्हिडिओ काढला होता. आजारी, खचलेल्या म्हाताऱ्याच्या हातात हळद देऊन त्याचा व्हिडिओ. शिवाय तो घरच्या ग्रुपवर टाकलेला, त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली. पण बघितला, कारण बघायलाच हवा होता.

फोनमध्ये खंडेराव पलंगावर बसले होते. मुलगे, सुना, पुतणे गोळा झाले होते. मल्हारी म्हणत होता, "म्हणा आबा, जन्मात असं करणार नाय." खंडेराव बराच वेळ हातातल्या हळदीकडे बघत राहिले. मग स्वच्छ आवाजात बोलले, "मल्हारी मार्तंडाची आण. दिशाचं लग्न होईपर्यंत मी माझ्या जिवाला काय करणार नाय." एक सून हुंदका देऊन रडली. कुणीतरी "येळकोट येळकोट" म्हटलं. महेशचा आवाज आला, "बघा, नातीवर किती जीव हाय." दिशा म्हणजे मल्हारीची मुलगी.

"परत लावा," मी म्हणाले.

महेशला वाटलं मला आवडला. त्याने आनंदाने परत लावला.

"लग्न कधी आहे?"

"परवा, रविवारी. दिंडोरी रोडला लॉन्स घेतलंय. गोरज मुहूर्त. तुम्ही यायचं बरं का मॅडम, पत्रिका देतोच."

एवढी माणसं त्या खोलीत होती. एकानेही ते वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. ज्याला जे हवं तेवढं त्याने उचललं आणि डोळे पुसले. मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मल्हारी म्हणाला, "डिस्चार्जचं तेवढं लवकर करा, हळद दळायची हे घरी." मी दार लावलं.

खंडेराव तसेच पाठ करून होते. मी खुर्ची फिरवून भिंतीच्या बाजूला नेली, म्हणजे भिंतीकडे बघायचं तर माझ्याकडे बघावं लागेल.

"आबा, एक विचारते. लग्न झाल्यावर काय?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. नजर शुद्धीवरची होती. हाच माणूस ताट धरायचा तेव्हा समोरच्याकडे असं बघत असेल.

"झाल्यानंतरचं कुणी विचारलंच नाय," ते म्हणाले.

"मी विचारतेय."

"तुम्ही विचारलं तर सांगावं लागंल. खोटं नाय बोलता येत मला."

"सांगा."

"दिशा वाटेला लागली की मी मोकळा. सोमवारी."

त्यांचं सगळं ठरलं होतं. मी विचारत गेले, ते सांगत गेले. पावसापाण्याचं बोलावं तितक्या शांतपणे. काही सोडलं नव्हतं. तेही मी इथे सांगणार नाही.

"मग शपथ कशाला घेतलीत?"

"पोरं ताट घेऊन उभी होती, बाई. फोन धरलेला तोंडासमोर. जन्मभराची घ्या म्हणत होती. खोटी कशी घेणार? जेवढी खरी होती तेवढी घेतली."

ते बोलत राहिले. शपथेने शिवलेलं तोंड एका टाक्याने उसवलं होतं.

"पहाटे तोडणीला जायचो. गुलाबात शिरलं की वास अंगावर यायचा. दिवाळीपासून वास येईना. फूल दिसतंय, हाताला लागतंय, वास नाय. मग भाकरीला चव नाय. मग दिशा येऊन गळ्यात पडली तर आतून काय हलेना. माझी नात हे, मीच वाढवली. म्हटलं, आपण सडलो. क्रेटमधी एक फूल सडलं की काढून टाकायचं असतं, नायतर सगळा क्रेट जातो."

"तुम्ही सडलेले नाही. आजारी आहात. हा आजार वासही नेतो आणि मायाही नेतो. औषधाने दोन्ही परत येतात, पण वेळ लागतो."

"सोमवारपर्यंत येतील?"

"नाही."

खरं बोलणाऱ्या माणसाशी खरंच बोलावं लागतं. त्यांनी मान हलवली. हिशेब जुळला, अशी. मग म्हणाले, "दिशाला सांगू नका. आणि लग्नाला जाऊ द्या. अक्षता टाकतो. एवढंच मागतो."

कुणाला सांगणार नाही असं वचन मी दिलं नाही. मी म्हणाले, "तुमचं बाकी सगळं माझ्यापाशी राहील. पण जीव जाणार असेल तर सांगावं लागतं. तुमच्या पाठीमागे सांगणार नाही. मुलांना आणि रवी सरांना आत्ता जाऊन सांगतेय, दिशाला तुम्हाला विचारल्याशिवाय नाही." ते पुन्हा भिंतीकडे वळले.

आता माझी अडचण सांगते. त्यांना लग्नाला जाऊ न देणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. ज्या एका गोष्टीसाठी तो माणूस श्वास घेत होता तीच मी काढून घेणार होते. सोबत नर्स देऊन पाठवावं का? मनातल्या मनात पाठवून बघितलं. हजार-बाराशे माणसांचं लॉन, डीजे, मुलगे पाहुण्यांत, आणि शेवटचं मंगलाष्टक संपताच संपणारी शपथ. त्या गर्दीत आयत बिचारी कुणाकुणाला बाजूला सारणार? आणि ठेवून घेतलं तर? ज्या नातीसाठी जगला, तिच्याच लग्नाच्या दिवशी माणूस कोंडून ठेवला, असं ते आयुष्यभर म्हणू शकतील. पण म्हणायला आयुष्य तर असेल. मी ठेवून घ्यायचं ठरवलं, आणि ठरवताना मला मुळीच बरं वाटलं नाही.

रवीच्या केबिनमध्ये दोन्ही भाऊ बसले होते. टेबलावर सोनेरी पत्रिका, तिच्यावर चहाचे कप. मी उभ्या उभ्या सांगितलं. आबांनी जी शपथ घेतली ती रविवारी संध्याकाळी संपते. त्यानंतर काय करायचं हे त्यांनी ठरवलेलं आहे. शब्द पाळणारा माणूस आहे, दोन्ही शब्द पाळेल.

मल्हारीचा चेहरा उतरला. मला वाटलं, बाप आठवला. त्याने विचारलं, "म्हणजे लग्नाला काय अडचण येईल का, मॅडम? पाहुणे कळवणहून निघतील उद्या."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला माझ्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

महेश जास्त हुशार. "त्याच्यात काय एवढं," तो म्हणाला. "तारीख वाढवून घेऊ. परत भंडारा उचलायला लावू. दिशाला पहिलं मूल होईपर्यंत. मग पुढचं पुढं."

मोबाइलचं रिचार्ज संपत आलं की परत मारावं, त्या सुरात. आणि त्याला पटलेलंही होतं. पुढे बारशापर्यंत, मग जावळापर्यंत, नातवंडांच्या कार्यांवर बाप हप्त्याहप्त्याने जगवायचा.

"मॅडम, जरा प्रॅक्टिकल होऊ या," रवी म्हणाला. "पेशंटची स्वतःची इच्छा आहे घरी जायची. फॅमिली जबाबदारी घेतेय. पेशंटच्या निर्णयाचा मान ठेवायला पाहिजे की नको? तुम्हीच आम्हाला शिकवता."

पेशंटच्या निर्णयाचा मान. हा माणूस नऊ नंबरच्या खोलीत पाच मिनिटं बसला नव्हता. घरोबा जुना, म्हणून पत्रिकेवर मात्र त्याचं नाव छापलेलं दिसत होतं, आशीर्वाद देणाऱ्यांच्या यादीत. चांगल्या शब्दांचं हेच होतं. मान, इच्छा, स्वातंत्र्य. ज्याला हात झटकायचे असतात तो हे शब्द साबणासारखे वापरतो.

"त्यांच्या निर्णयाचा मान मी ठेवते," मी म्हणाले, "पण हा निर्णय त्यांचा आहे की आजाराचा, एवढं बघून. वास परत आला, चव परत आली, आणि त्यानंतर ते मला म्हणाले की बाई, मला घरी जायचं, तर गाडीपर्यंत मी सोडायला येईन. आज नाही. तातडीच्या धोक्यात माणसाला काही दिवस ठेवून घ्यायची मुभा कायद्याने आहे, ती मी वापरणार. तुला डिस्चार्ज द्यायचा असेल तर दे. पण मी आत जे ऐकलं ते शब्दन्‌शब्द केसपेपरवर लिहिणार आहे. त्याखाली तुझी सही येईल."

रवीने खिशातून काढलेलं पेन परत खिशात ठेवलं. त्याला काही उमगलं होतं अशातला भाग नाही. घाबरला. घाबरूनही कामं होतात, माझी तक्रार नाही.

"आणि लोकांना काय सांगायचं?" मल्हारीने विचारलं.

"डेंग्यू सांग," महेश म्हणाला. त्याला विचार करावा लागला नाही.

मी परत वर गेले. कायद्यात एक चांगली सोय आहे. आजारी माणसाच्या वतीने कुणी बोलायचं, हे तो माणूस स्वतः ठरवू शकतो. थोरला मुलगा म्हणून हक्क लागत नाही. मी खंडेरावांना विचारलं, "तुमच्या वतीनं बोलायला कोण हवं?"

ते म्हणाले, "दिशा. बाकीचे माझ्या तोंडून त्यांचंच बोलून घेतात."

"तिलाच सांगू नका म्हणालात ना मघाशी?"

हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. डोळे मिटून पडून राहिले. शेवटी म्हणाले, "सांगा. पण मी हे तिच्यामुळं केलं, असं म्हणू नका."

मी फोन केला तशी दिशा दुपारी आली. कोपरापर्यंत मेंदी, वाळायची होती, म्हणून रिक्षाचे पैसे मैत्रिणीने दिले. ओझरला एका कारखान्यात तपासणीच्या कामावर होती. सांगायच्या आधीच तिने विचारलं, "शुगर नाही ना? मला शुगर म्हणून सांगितलंय." मी सगळं सांगितलं. आजार काय आहे, धोका काय आहे, मी काय ठरवलंय आणि आबांना त्याचं किती वाईट वाटणार आहे. व्हिडिओ तिने पाहिला होता, शुगरवरचा विश्वास तिथेच उडाला होता. ग्रुपवर हात जोडलेलं चित्र तिनेही टाकलं होतं. ते आठवून ती क्षणभर काळवंडली. रडली नाही, मेंदीचे हात वर धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

"मी लग्न पुढं ढकलते," ती म्हणाली. "होईपर्यंत म्हणालेत ना? मग होऊच देत नाही."

"आणि किती दिवस? तुझं लग्न म्हणजे त्यांचं औषध नाही. ते काम तुझ्यावर टाकलंय तेच वाईट झालंय. तू अजून ओढून घेऊ नकोस."

ती आत गेली, मी दारात थांबले. खंडेरावांनी तिची मेंदी पाहिली आणि नजर खाली घातली.

"आबा, माझं लग्न ही तुमची मुदत आहे होय?"

त्यांनी चादर ओढून पायावर घेतली.

"मला तुम्ही मांडवात नसला तरी चालेल. सोमवारी पाहिजेत. मंगळवारी पाहिजेत. मी कळवणहून फोन करीन तेव्हा उचलायला पाहिजेत."

"लोक काय म्हणतील, आजा नाय आला?"

"लोक जेवून जातील, आबा."

म्हाताऱ्याच्या घशातून एक आवाज आला. हसणं नव्हतं, पण हसण्याच्या वाटेवरचं काहीतरी होतं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "राहतो. पण डॉक्टरीणबाई, तुम्ही मला नातीच्या लग्नाला जाऊ दिलं नाय, हे मी विसरणार नाय."

"विसरू नका," मी म्हणाले. मला ते लक्षात ठेवायला जिवंत हवे होते.

रविवारी दिवसभर मी वॉर्डातच होते. घरचं एक माणूस फिरकलं नाही, सगळे कार्यात. डेंग्यूची बातमी मात्र पोचली होती. वणीच्या कुणा पाहुण्यांनी पपईच्या पानांचा रस बाटलीत भरून पाठवला. दुसऱ्यांनी किवी. न झालेल्या आजारासाठी लोक किती जिव्हाळ्याने धावतात. झालेल्या आजाराचं नाव घेतलं असतं तर याच पाहुण्यांनी पत्रिका परत पाठवली असती. पेढे, किवी, पपईचा रस, हळद, काउंटरवर नुसती रास झाली. मी आयतला म्हटलं, हे उचल माझ्यासमोरून, नऊ नंबरमध्ये नेऊन ठेव.

संध्याकाळी खंडेराव उठून बसले. दिशाने कागदाच्या पुडीत अक्षता ठेवून दिल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "लागलं असंल का आता?" घड्याळ बघून मी हो म्हटलं. दिंडोरी रोडच्या बाजूच्या भिंतीवर त्यांनी अक्षता टाकल्या. लाल तांदूळ फरशीवर सांडले, थोडे त्यांच्याच पायावर. मग ते आडवे झाले. शपथ संपली होती. त्या रात्री आयत त्यांच्या पलंगापासून हलली नाही, आणि मीही घरी गेले नाही.

सोमवारी सकाळी सगळे आले. दिशा शालूत, हिरव्या चुड्यात, शेजारी नवरदेव ज्ञानेश, अजून हळदीने पिवळा. मागे मल्हारी आणि महेश, जागरणाचे डोळे घेऊन. आणि मल्हारीच्या हातात तेच पितळी ताट. हळद, बेलाची पानं. महेशने फोन वर धरलेला.

"आबा," मल्हारी खालच्या आवाजात म्हणाला, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं, "नवीन जोडपं पाया पडतंय. त्यांच्यासाठी एवढं एकदा उचला. पहिलं बाळ होईपर्यंत तरी."

त्या माणसाने काल बाप नसलेल्या मांडवात बापासाठी आलेले अहेर घेतले होते, आणि आज हे. मी पुढे झाले, पण खंडेरावांनी हात वर केला. भंडारा उचलताना चाललेली कुजबुज थांबवायला करत असतील तसा. त्यांनी ताटातली चिमूट घेऊन दिशाच्या कपाळाला लावली, मग ज्ञानेशच्या. ताट बाजूला सारलं.

"शपथ नाय," ते म्हणाले. "बाई, मुदत संपली. विचारा."

"सगळ्यांसमोर?"

"ती पण सगळ्यांसमोरच घेतली होती."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "आबा, आज मरावंसं वाटतंय का?"

"वाटतंय," खंडेराव म्हणाले.

खोलीत कुणी रडलं नाही. शपथ घेतली तेव्हा हीच माणसं ढसाढसा रडली होती. मल्हारी ताट धरून उभा राहिला, त्याला ते कुठे ठेवावं कळेना. महेशने फोन हळूच खाली घेतला.

दिशा पलंगाच्या कडेला बसली. शालू जड होता, नीट आवरताही येत नव्हता.

"खाली गाडी थांबलीय," महेश म्हणाला. "कळवणला वेळेत पोचायचं हे."

"थांबू दे," दिशा म्हणाली. "उद्या पण विचारणार ना मॅडम?"

"रोज."

"मग मी पण रोज विचारते. फोनवर."

खंडेरावांनी बोटाला लागलेली हळद नाकाशी नेली, हुंगली आणि मान हलवली. अजून वास येत नव्हता. ज्ञानेशने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावरचा पेढ्यांचा खोका उचलून खिडकीत ठेवला आणि तोही बसला.